नवीन ॲपवर जायचं, का आहे तिथंच बोलायचं?

या वेळच्या पत्रांत आणि मेलमध्ये एकच विषय परत परत आलाय, भाषा शिकणाऱ्यांचे ग्रुप. जर्मन, कन्नड, इंग्रजी, अगदी मोडी लिपी सुद्धा. आपल्या सांगली-सातारकडं एवढं काय काय शिकायलेत लोक हे वाचून बरं वाटलं. प्रश्न वरवर सारखाच आहे, नवीन ॲप आलंय तर ग्रुप तिकडं न्यायचा का, पण एकच उत्तर सगळ्यांच्या गळ्यात मारता येत नाही म्हणून चार पत्रं घेतलीत.

प्रश्न : ताई नमस्कार. मी मिरजेत स्टाफ नर्स आहे. जर्मन शिकणाऱ्या नर्सेसचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, आम्ही दहाबारा जणींनी काढलेला, आता सहाशेच्या वर गेलाय, काहीजणी तर तिकडं जर्मनीत कामाला पण लागल्यात. आता नवीन पोरी म्हणतात व्हॉट्सॲप जुनं झालं, डिस्कॉर्डवर चला. दुसऱ्या म्हणतात टेलिग्राम. एक म्हणते इन्स्टावर पेज काढू म्हणजे ग्रुप वाढेल. मी ॲडमिन, नाईट करून घरी आल्यावर हे सगळं कोण सांभाळणार ओ? पण नको म्हटलं तर आपण मागं पडू असं पण वाटायलंय. काय करावं? – एक वाचक, मिरज

उत्तर : आधी एक काम करा, ग्रुपात गेल्या आठवड्यात काय काय पडलं ते एकदा वर सरकवत बघा. मी पैज लावते, सकाळी फुलांवर 'गुटेन मॉर्गन', त्याखाली तीस जणींचे हात जोडलेले, मग कुठल्यातरी क्लासची जाहिरात, मग 'बी टू ची डेट सुटली का' (ए वन, ए टू, बी वन, बी टू अशा जर्मनच्या चढत्या पायऱ्या असतात), मग तीच पीडीएफ जी मागच्या महिन्यात पण आली होती. (मला स्वतःला फुलांचं गुड मॉर्निंग कुठल्याच भाषेत सोसत नाही, ते सोडा.) यात कुणी जर्मन बोललं का? नसेल बोललं तर अडचण तिथं आहे आणि ती अडचण डिस्कॉर्डवर पण तुमच्याबरोबरच येणार.

कारण परीक्षा काय मागते बघा. वाचणं, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं, चारही भाग द्यावे लागतात. पहिले तीन माणूस घरात बसून पीडीएफवर घासू शकतो, बोलणं नाही घासता येत. गोएथे म्हणजे जर्मनच्या परीक्षा घेणारी संस्था, तिच्या बी वन ला तर बोलायची परीक्षा शक्यतो दोघांची मिळून असते, समोरच्याबरोबर काहीतरी ठरवायचं, मग आपला विषय मांडायचा, समोरच्यानं विचारलं की उत्तर द्यायचं. आणि तिकडं नर्स म्हणून मान्यता मिळवायची तर साधारणपणे बी टू लागतं, म्हणजे पेशंटला कुठं दुखतंय ते विचारायचं, डॉक्टरला फोनवर सांगायचं, ड्युटी बदलताना रिपोर्ट द्यायचा. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याबरोबर कामगार पाठवायचा करार केला तेव्हापासून जर्मनीचं नाव घराघरात निघतंय, पण करार कितीही झाले तरी तोंड उघडायचं ते आपल्यालाच उघडावं लागतं.

मग एकेक ॲपकडं या नजरेनं बघा. इन्स्टावर पेज काढलं तर ते बाहेरच्याला दिसतं, नवीन पोरी येतात, म्हणजे दारावरची पाटी झाली, पण पाटीखाली उभं राहून कुणी संवादाचा सराव करत नाही. सहाशे बाया आधीच आहेत, अजून आणून काय करणार, हे त्या पोरीला विचारा जरा. टेलिग्रामला ग्रुपात दोन लाखापर्यंत माणसं घेता येतात, ॲडमिननं चालू ठेवलं तर नवीन आलेल्याला जुने मेसेज पण दिसतात, त्यामुळं तीच पीडीएफ परत परत मागायची वेळ येत नाही, हे खरंच चांगलं आहे. पण लिंक एकदा बाहेर फिरली की 'परीक्षा न देता सर्टिफिकेट' विकणारे पण घुसतात, आणि अशा एखाद्याला पैसे दिलेली पोरगी गप्प बसते, कुणाला सांगत नाही. तिथं रोज झाडू मारायला माणूस लागतो.

डिस्कॉर्ड २०१५ ला गेम खेळणाऱ्यांसाठी निघालं आणि त्याची खरी ताकद आहे ती आवाजाच्या खोल्या. खोली कायम उघडी, वाटलं की आत या, बोला, निघा, कुणाचा फोन वाजत नाही, कुणाला बोलवावं लागत नाही. भाषा शिकायला ही सोय भारीच आहे, मी नाही म्हणणार नाही. फक्त रिकाम्या खोलीत कुणी बोलत नाही हे लक्षात घ्या. तुमच्यातली अर्धी मंडळी नाईटला, अर्धी झोपलेली, पाच जणी एका वेळेला येतील तेव्हा ती खोली कामाची. आणि ज्या बाईला व्हॉट्सॲपवर स्टेटस कसं लावायचं ते पोराला विचारावं लागतं ती डिस्कॉर्ड उघडून बघणार, डावीकडं एक रांग, त्याच्या बाजूला अजून एक रांग, आणि बंद करणार. तिला सोडून ग्रुप पुढं गेला तर पुढं गेला असं म्हणायचं का?

गंमत म्हणजे तुम्हाला पाहिजे ते बरंचसं तुमच्या हातातल्या ॲपमध्येच आहे. व्हॉट्सॲपनं नोव्हेंबर २०२२ ला कम्युनिटी आणल्या, म्हणजे एका छताखाली वेगवेगळे ग्रुप ठेवता येतात. ए वन चा वेगळा, ए टू चा वेगळा, बी वन, बी टू वेगळा, आणि तारखा-फॉर्मसाठी एक सूचनांचा, ज्यात फक्त ॲडमिन लिहिणार. नुसतं एवढं केलं तरी 'डेर की डी', म्हणजे शब्द पुल्लिंगी का स्त्रीलिंगी, असं विचारणारी पोरगी बी टू वालीच्या भाऊगर्दीत लाजणार नाही. ग्रुपात व्हॉइस चॅट पण २०२३ पासून आहे, रिंग न वाजता सुरू होतं, पाहिजे त्यानं यायचं. आणि सगळ्यात सोपं म्हणजे व्हॉइस नोट. बी वन च्या ग्रुपात रोज एक प्रश्न टाका, जोड्या लावून द्या, एकीनं मिनिटभर बोलायचं, जोडीदारणीनं ऐकून तिच्या दोन चुका सांगायच्या, फक्त दोन, सगळ्या नाही, नाहीतर उद्या ती बोलणारच नाही. पहाटे तीनला वॉर्ड शांत असताना रेकॉर्ड केलेली नोट दुसरी दुपारी उठल्यावर ऐकेल, काही बिघडत नाही.

जर्मनीत गेलेल्या तुमच्या मैत्रिणी आहेत त्यांचा उपयोग करून घ्या की! हे धन मोठ्या मोठ्या चॅनलवाल्यांकडं नसतं. उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागं, थंडीत साडेचार. म्हणजे त्यांची संध्याकाळी सहाची ड्युटी सुटली की आपल्याकडं साडेनऊ नाहीतर साडेदहा, जेवण झालेलं असतं. आठवड्यातनं एक वार ठरवा, एकच जण, अर्धा तास, तिथल्या वॉर्डात खरंच काय बोलतात ते तिनं बोलायचं. तिकडं पण व्हॉट्सॲप सगळे वापरतातच, त्यामुळं तिला नवीन काही घालून घ्यावं लागत नाही.

मांडव मोठा घातला म्हणून पंगत उठत नाही, वाढपी लागतात, आणि तुमच्याकडं वाढपी किती तर तुम्ही एकट्या. म्हणून चॅनल वाढवायच्या आधी ॲडमिन वाढवा. प्रत्येक लेव्हलला दोघी. ज्या पोरी डिस्कॉर्ड डिस्कॉर्ड करायल्यात त्यांनाच म्हणावं, दहा जणी गोळा करा, ठरलेल्या वेळी महिनाभर तिथं बोला, महिन्यानं पण दहाच्या दहा येत असतील तर आपण त्याला ग्रुपची बोलायची खोली म्हणू. त्यांना अडवू नका, पण त्यांच्यासाठी सहाशे जणींना घर बदलायला पण लावू नका.

आणि मागं पडायचं म्हणाल तर जे पुढं होते ते कुठं गेले ते बघा. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ ला बंद. गूगल प्लस एप्रिल २०१९ ला. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० ला. ट्विटरसारखंच आपलं देशी कू, त्याच्यावर मराठीत लिहिता येतंय म्हणून किती कौतुक झालेलं, जुलै २०२४ ला ते पण गेलं. खास भाषा शिकणाऱ्यांचं म्हणून लाइव्हमोका नावाचं होतं, जगभरची माणसं एकमेकांचे धडे तपासून द्यायची, भाषा शिकवणाऱ्याच रोझेटा स्टोन कंपनीनं २०१३ ला विकत घेतलं आणि २०१६ ला कुलूप. डुओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपनं पण मार्च २०२२ ला आपला चर्चेचा फोरम बंद केला, लोकांनी फुकटात, हौसेनं एकेका वाक्यावर समजावून सांगितलेलं असायचं तिथं. तेव्हा व्हॉट्सॲप पण अमरपट्टा घेऊन आलेलं नाही. ग्रुपात जे चांगलं निघेल, तिथल्या इंटरव्ह्यूत विचारलेले प्रश्न, एखादीनं नीट समजावलेलं व्याकरण, ते एका साध्या गूगल डॉकमध्ये उतरवत चला आणि त्याची एक कॉपी कुणाच्यातरी लॅपटॉपवर पण असू दे. उद्या ॲप बदलायची वेळ आलीच तर फक्त माणसं हलवावी लागतील.

प्रश्न : हाय ताई, मी साताऱ्यात कॉलेजला आहे, इन्स्टावर स्पोकन इंग्लिशचं पेज चालवतो, आपल्या गावाकडच्या पोरांसाठी, फॉलोअर बऱ्यापैकी आहेत. मित्र म्हणतो थ्रेड्स, ब्लूस्काय, यूट्यूब शॉर्ट्स, सगळीकडं आत्ताच जागा धरून ठेव, नंतर गर्दी होते. खरं आहे का? – एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : जागा धरायला तो एसटीतला रुमाल आहे होय? थ्रेड्सवर इन्स्टाच्याच खात्यानं जाता येतं, तुझीच पोरं तिथं परत भेटणार. ब्लूस्काय हे ट्विटरसारखंच, फेब्रुवारी २०२४ पासून सगळ्यांना खुलं झालं, पण कोरेगाव नाहीतर वडूजचा बारावीचा पोरगा तिथं इंग्लिश शिकायला जाईल असं मला वाटत नाही, तुला वाटतं का? शॉर्ट्स वर तोच व्हिडिओ टाकायला फार कष्ट नाहीत, टाक. बाकी वेळ वाचव आणि कमेंटमध्ये जो पोरगा चुकतमाकत का होईना इंग्लिशमध्ये लिहितो त्याला इंग्लिशमध्ये उत्तर दे. तुझ्या पेजवर शिकवणारा तूच एकटा दिसतोस, शिकणारे कुठं बोलताना दिसत नाहीत. पंधरा-वीस पोरांचा एक छोटा ग्रुप काढ, आठवड्याला एकदा कॉल लाव, व्हॉट्सॲपच्या कॉलवर एका वेळी ३२ जण बसतात, तेवढे पण नकोत. त्यातनं जे निघेल त्याच्यावर रील करायला तुला विषय पण मिळतील.

प्रश्न : नमस्कार. माझं माहेर तासगाव, नोकरी बँकेत, पोस्टिंग जत तालुक्याच्या पूर्व भागात. काउंटरवर निम्मी माणसं कन्नड बोलतात. आम्ही बँकेतले, शाळेतले शिक्षक, ग्रामसेवक असे चाळीसएक जण मिळून व्हॉट्सॲपवर कन्नड शिकतोय, गावातलेच दोघं शिकवतात, छान चाललंय. पण ग्रुपातनं माझा नंबर घेऊन एकाचे रात्री मेसेज यायला लागले. दोन मैत्रिणी तर ग्रुप सोडून गेल्या. असं असेल तर दुसऱ्या ॲपवर जावं का? का सरळ इन्स्टावरचं कन्नड शिकवणारं एखादं मोठं चॅनल बघावं, कुणाशी संबंधच नको? – एक वाचक, जत

उत्तर : जावं. मिरजेच्या ताईंना मी थांबा म्हटलं, तुम्हाला जा म्हणते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपात सगळ्यांचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि ते ॲडमिनला पण बंद करता येत नाही. कम्युनिटीच्या सूचनांच्या ग्रुपात नंबर झाकलेले असतात पण तिथं ॲडमिनच्या सूचनेला उत्तर देण्यापलीकडं मेंबरांना बोलता येत नाही, म्हणजे तुमच्या उपयोगाचं नाही. व्हॉट्सॲप चॅनलचं पण तेच, फॉलो करणाऱ्याचा नंबर दिसत नाही आणि आवाज पण निघत नाही.

टेलिग्रामला मात्र युजरनेम घेता येतं आणि सेटिंगमध्ये प्रायव्हसीत जाऊन फोन नंबर 'कुणालाच नाही' करता येतो. तिथंच खाली, ज्यांच्याकडं तुमचा नंबर आधीपासून आहे त्यांना तुम्ही सापडायचं का, हे पण विचारतात, ते 'फक्त माझे कॉन्टॅक्ट' करा. एवढं केलं की चाळीस जणांत मोकळं बोलता येतं. ग्रुप खाजगी ठेवा, लिंक स्टेटसला लावू नका, नवीन माणूस कुणाच्या तरी ओळखीनंच घ्या. हे सगळं करायला एका रविवारी दोन तास बसावं लागेल, ज्यांना जमत नाही त्यांच्या फोनवर तुम्हीच करून द्या.

पण नुसतं ॲप बदलून तो माणूस बदलत नाही, तो पण येईल की मागनं. ॲडमिनला सांगून त्याला काढायला लावा, आणि ग्रुपात सगळ्यांसमोर नियम लिहून टाका, परवानगी न विचारता खाजगीत मेसेज केला तर बाहेर. यात लाजायचं तुम्ही नाही. त्याचे मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा, परत त्रास दिला तर लागतील. तोवर व्हॉट्सॲपला डीपी फक्त कॉन्टॅक्टना दिसेल असा करा आणि अनोळखी कॉल सायलेंट करायची सोय आहे ती चालू करा.

मोठ्या चॅनलचं म्हणाल तर बघा, अक्षरं गिरवायला, आकडे पाठ करायला चांगलीच असतात. पण ती बहुतेक बंगळूरकडची कन्नड शिकवतात, आणि तुमच्या काउंटरवर येणारी म्हातारी विजापूरकडच्या वळणाचं बोलते. तुम्ही रीलमधलं 'हेगिद्दीरा' घोकून जाणार आणि ती म्हणणार 'ह्यांग अदीरि', दोन्हीचा अर्थ 'कसे आहात' हाच, मग बसा बघत एकमेकींकडं. तुमचे ते गावातले दोघं जे शिकवतायत ते कुठल्या ॲपवर मिळणार नाही. त्यांना धरून ठेवा, आणि त्या सोडून गेलेल्या दोन मैत्रिणींना नंबर झाकल्यावर स्वतः फोन करून परत बोलवा.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी सेवानिवृत्त शिक्षक, राहणार सांगली. आम्ही काही मंडळी मोडी वाचायला शिकतो आणि शिकवतो. फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो, सगळे मिळून वाचतो. आता नातवाच्या वयाची दोन मुलं आली आहेत, ती म्हणतात इन्स्टाग्रामवर चला सर, रील करू. मला ते नाचगाण्याचं ठिकाण वाटतं. मोडीसारख्या गंभीर विषयाला ते शोभेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : सर, शोभेल. उलट मोडी इतकी रीलला शोभणारी दुसरी लिपी मला तरी दिसत नाही. आधी पानभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षराला अक्षर जोडत जायचं, हे पुस्तकातल्या तक्त्यात कळतच नाही, तिथं तयार झालेलं अक्षर दिसतं, हात कुठनं कुठं वळला ते दिसत नाही. तुम्ही फक्त बोरू घेऊन बसा, फोन त्या पोरांना धरू दे. एका वेळेला एक अक्षर. नाचायला कुणी सांगत नाही तुम्हाला.

टाइप करून मोडी शिकवायची म्हटलं तर अजून अवघडच आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-कॉम्प्युटरवरच्या अक्षरांच्या जगभरच्या यादीत, मोडीला २०१४ ला जागा मिळाली, फॉन्ट पण आहेत, पण तुम्ही टाइप केलेलं समोरच्याच्या फोनवर चौकोन चौकोन दिसायची शक्यता जास्त. त्यामुळं चित्र आणि व्हिडिओ हाच रस्ता, आणि इन्स्टा त्याचंच ठिकाण आहे.

पण वाचनाचा ग्रुप तिकडं नेऊ नका. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ सहसा वेगळं दाखवत नाहीत, शब्द तोडलेले नसतात, लिहिणाऱ्याचा हात वेगळा, कागद फाटका. एकाला एक वाटतं, दुसऱ्याला दुसरं, तिसरा म्हणतो अहो हे गावाचं नाव आहे, मी त्या गावचा, आणि मग ओळ सुटते. हे भांडण रीलखालच्या कमेंटमध्ये होत नाही, तिथं नुसते अंगठे आणि बदाम. तुमची जुनी मंडळी आहेत तिथंच ते होऊ दे.

फोटोबद्दल मात्र सांगते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो टाकला की तो दाबून लहान होतो आणि मोडीची बारीक वळणं पुसट होतात, निम्मी भांडणं त्याच्यामुळंच होत असतील तुमची. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, आहे तसा जातो. किंवा पाठवताना वर एचडी असतं ते दाबा. आणि कागद कुणाचा, कुठल्या गावचा, कोणी वाचला हे फाइलच्या नावातच लिहीत चला.

एक मात्र होणार, रील चालली की लोक आपापल्या घरातले कागद पाठवायला लागतील, 'सर एवढं वाचून द्या'. त्यात जमिनीची, वाटणीची, कर्जाची कागदपत्रं असतात आणि भाऊबंदकी अजून चालू असते. कुणाचा कागद विचारल्याशिवाय पेजवर टाकू नका आणि कोर्टकचेरीतलं वाटलं तर आम्ही वाचून देत नाही म्हणून सरळ सांगा. खात्याचा पासवर्ड त्या दोन मुलांबरोबर तुमच्या डायरीत पण लिहून ठेवा, पोरं उद्या नोकरीला पुण्याला गेली म्हणजे पेज अडकून नको.